होकार ज्याचा त्यानेच द्यायचा



शाळा, वसतिगृह, दवाखाना, शेती यांबद्दल आपण या पानांवर नेहमी वाचता. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. नाव ऐकून तो विद्यापीठातला वाटेल, पण अड्याळच्या आसपासच्या कोणत्याही टोलीवर तो घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचलेला आहे. माणसांविषयी संशोधन करायचे असेल, तर त्या माणसांशी कसे वागावे, त्यांना काय सांगावे, काय विचारावे आणि कुठे थांबावे, हा तो विषय.

पवनी तालुक्यात आणि एकूणच भंडारा जिल्ह्यात गोंड, हलबा आणि इतर समाजांच्या वस्त्यांवर निरनिराळी माणसे कागद घेऊन येत असतात. कुणी सिकलसेलसाठी रक्त तपासतो, कुणी मुलांचे वजन आणि उंची मोजतो, कुणी समाजकार्याचा विद्यार्थी प्रबंधासाठी प्रश्नावली भरून घेतो, कुणी गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांची माहिती गोळा करतो. यांतली बहुतेक माणसे चांगल्या हेतूने येतात. आदिवासींच्या आजारांचा, कुपोषणाचा, विस्थापनाचा अभ्यास झालाच नाही, तर त्यांचे दुःख कुणाच्या कागदावर उमटणार नाही आणि त्यावर उपायही निघणार नाही. त्यामुळे संशोधन नको, असे म्हणण्यासाठी हा लेख नाही.

मुद्दा असा, की संशोधक गावात सहसा एकटा येत नाही. तो कुणाच्या तरी ओळखीने येतो. सोबत आशाताई असते, अंगणवाडीची बाई असते, शाळेचे गुरुजी असतात, पाळक असतात किंवा आपल्यासारख्या संस्थेचा कार्यकर्ता असतो. मग दार लगेच उघडते, चटई अंथरली जाते, चहा ठेवला जातो. लोक त्या पाहुण्याला ओळखत नसतात. ते आपल्याला ओळखतात. वर्षानुवर्षांच्या सेवेतून मिळालेला विश्वास आपण त्या घडीला दुसऱ्याच्या हाती देत असतो. तो देताना काय जपले पाहिजे, हे आपण सर्वांनी, म्हणजे गावात काम करणाऱ्यांनी आणि या कामाला दुरून आधार देणाऱ्यांनीही, समजून घेतले पाहिजे.

उपचार वेगळा, संशोधन वेगळे

दवाखान्यात डॉक्टर रक्त घेतात ते आपला आजार शोधण्यासाठी. संशोधक रक्त घेतो ते एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. त्या उत्तराचा फायदा ज्याने रक्त दिले त्याला होईलच असे नाही. तो कदाचित दुसऱ्या गावातल्या माणसाला होईल, कदाचित पुढच्या पिढीला. यात वाईट काही नाही. आज आपण घेतो ती औषधे आणि लसी कुणीतरी कधीतरी अशाच अभ्यासात भाग घेतला म्हणून आपल्यापर्यंत आल्या. पण आपण दुसऱ्यासाठी काही देत आहोत, हे देणाऱ्याला माहीत असले पाहिजे. सुई दोन्हीकडे सारखीच असते आणि पांढरा कोटही सारखाच. म्हणून फरक तोंडाने, स्पष्ट सांगावा लागतो.

खेड्यात आणखी एक गैरसमज होतो. नाव लिहून घेतले म्हणजे यादी झाली, आणि यादी झाली म्हणजे घरकुल, रेशन किंवा मोबदला आला, असे माणसाला वाटते. धरणग्रस्तांच्या तालुक्यात तर याचे नवल वाटायला नको. कागदावर नाव आहे की नाही, यावर जिथे हक्क ठरतो, तिथे कोणताही कागद साधा राहत नाही. अशा वेळी प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस संशोधनाला होकार देत नसतो, तो योजनेसाठी अर्ज करत असतो. म्हणून प्रामाणिक संशोधकाने पहिली दोन वाक्ये हीच बोलावीत: या माहितीमुळे तुम्हाला कोणतीही योजना मिळणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर चालू असलेले काहीही बंद होणार नाही.

संशोधन म्हणजे फक्त रक्त आणि औषध असेही नाही. घरात दारू कोण पितो, नवरा मारतो का, कर्ज किती आहे, मुलगी कामासाठी कुठे गेली होती, जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्नही माणसाला जखम करू शकतात. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला असा प्रश्न विचारला, तर त्याची किंमत पाहुणा गेल्यावर ती सून मोजते. तिथे सुई टोचलेली नसते, तरी इजा होतेच.

सिकलसेलच्या एका थेंबात

आपल्या भागात या विषयाचे सगळ्यात जवळचे उदाहरण सिकलसेलचे आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडे असह्य दुखतात, रक्त कमी होते. भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. विदर्भात तो असल्याचे १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडले. तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमधून या आजारासाठी रक्ताचे नमुने घेतले जात आहेत.

आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून दोष आला, तर मूल आजारी होते. एकाकडूनच आला, तर ते मूल वाहक असते. वाहक सहसा निरोगी असतो, शेतात काम करतो, रोवणी करतो, मुले वाढवतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार आटोक्यात आणायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. ही सेवा आहे आणि ती चांगली आहे.

पण रक्ताच्या त्या थेंबात फक्त आजाराची बातमी नसते. त्यात एका मुलीच्या लग्नाची बातमी असते. शाळेत नावे मोठ्याने वाचून दाखवली, कागद टेबलावर उघडा राहिला, कुणी सहज पारावर बोलून गेले, तर ‘अमक्याच्या पोरीच्या रक्तात दोष आहे’ एवढेच गावात फिरते. ती केवळ वाहक आहे आणि तिला काहीही झालेले नाही, हे पुढचे वाक्य कुणी ऐकत नाही. मुलाच्या बाबतीत जे विसरले जाते, ते मुलीच्या बाबतीत तिच्या मागे सासरपर्यंत जाते. म्हणून नमुना घेण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: निकाल कुणाच्या हातात मिळेल, त्याचा अर्थ कोण समजावून सांगेल, आणि तो आणखी कुणाला कळणार नाही याची हमी कोण देईल. याची उत्तरे नसतील, तर रक्त काढण्याची घाई कशासाठी?

उसना विश्वास

दुसऱ्याच्या विश्वासावर संशोधन उभे राहिले की काय घडते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले दूरचे आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारच्या आरोग्य खात्याने एक अभ्यास चालवला. सुमारे ६०० गरीब, कृष्णवर्णीय शेतकरी आणि शेतमजूर त्यात होते. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. उपचार न केल्यास हा आजार माणसाच्या शरीरात कसा वाढत जातो, हे डॉक्टरांना पाहायचे होते. त्या माणसांना मात्र तुमच्या ‘खराब रक्ता’वर उपचार चालू आहेत, असे सांगितले गेले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे रामबाण औषध सर्वत्र मिळू लागले, तरी ते यांना दिले नाही. गरम जेवण, फुकट तपासणी आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च एवढे त्यांना मिळत होते. हे सगळे एवढी वर्षे टिकले ते मुख्यतः युनिस रिव्हर्स या परिचारिकेमुळे. ती त्यांच्याच समाजातली होती, घरोघर जाई, आजाऱ्याची विचारपूस करी, गाडीतून तपासणीला नेई. लोकांनी विश्वास ठेवला तो तिच्यावर. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा त्या माणसांपैकी फार थोडे जिवंत होते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेला, गोदावरीच्या पलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा. २००९ साली तिथे दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे १४,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प राबवला गेला. असाच प्रकल्प गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यातही झाला. पाथ ही अमेरिकेतली संस्था, आपली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राज्य सरकारे यांचे ते काम होते. खम्ममच्या मुलींमध्ये आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. एक मुलगी बुडाली होती, एकीला साप चावला होता. पण संमतीचे कागद उघडले, तेव्हा खरा दोष समोर आला. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आकडे आहेत: आंध्र प्रदेशातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते.

त्या अधीक्षकांनी दुष्ट हेतूने सह्या केल्या असतील, असे मानायचे कारण नाही. वरून कागद आले, मुली आपल्याच छपराखाली राहतात, लस तर चांगलीच आहे, मग गावोगावच्या आईबापांना कशाला बोलवायचे, असा सरळ विचार झाला असेल. पण मुलांची देखभाल करणे आणि त्यांच्या शरीराबद्दल निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईबापाने मूल वसतिगृहात ठेवले, म्हणजे त्याचे पालकपण लिहून दिले असे होत नाही. आपल्या मंडळ्यांच्या आधाराने वसतिगृहे चालतात, म्हणून हे वाक्य आपल्यासाठी आहे.

आणि यातले मोठे नुकसान वेगळेच आहे. ती लस खरोखर उपयोगाची आहे. जगभरातल्या अनेक देशांत ती मुलींना दिली जाते, आणि २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लसीलाही मान्यता मिळाली. खम्ममच्या प्रकरणामुळे मात्र एका चांगल्या लसीवर संशयाचा डाग पडला. नीट न विचारता घेतलेला होकार चांगल्या कामालाही मागे ओढतो, तो असा.

नियमांत काय लिहिले आहे

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेले प्रयोग न्यूरेंबर्गच्या खटल्यात उघड झाले. त्यानंतर १९४७ साली जी संहिता तयार झाली, तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे. १९६४ साली हेलसिंकी येथे जगातल्या डॉक्टरांच्या संघटनेने आपला जाहीरनामा केला. टस्कीगीनंतर अमेरिकेत १९७९ साली बेल्मॉन्ट अहवाल आला. त्याने सगळा विचार तीन गोष्टींत बसवला: माणसाचा आदर राखा, त्याचे हित पाहा, आणि न्याय करा. न्यायाचा अर्थ असा, की संशोधनाचा त्रास गरिबाने सोसायचा आणि फायदा श्रीमंताने घ्यायचा, असे होऊ नये.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० पासून यावर मार्गदर्शक सूचना केल्या. सध्या २०१७ च्या सूचना लागू आहेत. त्यांत आदिवासींसाठी वेगळा भाग आहे आणि तो आपल्यासारख्यांनी वाचण्याजोगा आहे. त्यातले मुख्य मुद्दे साध्या भाषेत असे:

आदिवासींवर संशोधन तेव्हाच करावे, जेव्हा त्यातून त्यांच्याच आजाराचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध होणार असेल. केवळ माणसे सहज मिळतात म्हणून त्यांच्याकडे जाऊ नये.

आदिवासी भागात शिरण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागाचे अधिकारी यांची परवानगी घ्यावी. स्थानिक पंचायत, आणि ती नसेल तिथे समाजाचा प्रमुख किंवा समाज मानतो अशी व्यक्ती, यांना भेटावे. लोकांचा विश्वास असलेल्या नोंदणीकृत संस्थांची मदत घ्यावी.

लोकांच्या बोलीत समजावून सांगावे आणि त्या वेळी साक्षीदार असावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: गावाने, मुखियाने किंवा संस्थेने परवानगी दिली, तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतःची संमती घ्यावीच लागते.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबू. गावात शिरण्याची परवानगी म्हणजे फाटक उघडणे. घराचे दार घरमालकच उघडतो. सरपंचाने हो म्हटले म्हणून सखूबाईने हात पुढे केलाच पाहिजे असे नाही. पाळकांनी सांगितले, बाईंनी सांगितले, मग नाही कसे म्हणायचे, असे तिला वाटत असेल, तर तिथे संमती झालेली नाही, भीड झाली आहे. आपल्या समाजात भिडेने दिलेला होकार फार असतो. म्हणून ‘नाही’ म्हणायला वाट ठेवणे हे आपले काम आहे.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी अंगठा देताना संशोधनाशी संबंध नसलेला, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार हजर असावा आणि त्याने सही करावी, असा नियम आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाला त्याला कळेल अशा शब्दांत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. बारा वर्षांनंतर तो लेखी घ्यायचा असतो. भाग घेतलेल्याला कधीही, कारण न देता बाहेर पडता येते. बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च देता येतो, पण पैशाच्या मोहाने माणसाने धोका पत्करावा एवढी रक्कम दाखवायची नसते. संशोधनामुळे इजा झाली, तर उपचार आणि भरपाई यांचा हक्क असतो.

हे सगळे पाळले जाते का, हे पाहण्यासाठी नैतिकता समिती असते. तिच्यात सात ते पंधरा सदस्य असतात आणि अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असतो. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा एक आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो. त्या सामान्य माणसाने विचारायचा प्रश्न सोपा असतो: हे माझ्या घरच्यांना कळेल का?

वैनगंगेच्या खालच्या अंगाला

आपल्याकडून वाहत जाणारी वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने जाते. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेले काम जगभर अभ्यासले जाते, आणि त्यात आपल्या विषयाचे बरेच धडे आहेत.

पहिला धडा त्यांनीच सांगितला आहे. सुरुवातीला त्यांनी जिल्ह्यात सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा होता. पण लोकांनी तो प्रश्न कधी विचारलेलाच नव्हता. तो संशोधकांचा प्रश्न होता. त्यानंतर लोकांना कशाचा त्रास होतो, हे आधी विचारायचे आणि मग शोधायचे, अशी वाट त्यांनी धरली. दवाखाना कसा हवा, हेही आदिवासींना विचारले. म्हणून तो घरांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले.

दुसरा धडा स्त्रियांच्या आजारांचा. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना गर्भाशयाचा किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हे दुखणे तोवर जगाला माहीतच नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. संशोधन का हवे, याचे याहून चांगले उत्तर नाही. पण अशी तपासणी गावच्या पुढाऱ्याच्या होकारावर होऊच शकत नाही. पडद्याआड जाणारी बाई स्वतः तयार झाली, तरच ती होते.

तिसरा धडा अवघड आहे. नवजात बाळांचे मृत्यू रोखण्यासाठी ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि आईवडिलांच्या संमतीने घरीच औषध-इंजेक्शन कसे द्यावे, हे त्या शिकल्या. तुलनेसाठी ४७ गावे ठेवली होती. तिथे सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालू होत्या आणि जन्म-मृत्यूंची नोंद होत होती. तिसऱ्या वर्षी या ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येते: मग त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय?

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि जगात तो अजून चर्चेत आहे. एवढे म्हणता येते: घरी दिलेला उपचार उपयोगी पडेल की घातक ठरेल, हे आधी खरोखर माहीत नसेल, आणि तुलनेच्या गावांतून आहे ते काही काढून घेतले जात नसेल, तरच अशी तुलना योग्य ठरते. टस्कीगीत औषध माहीत असून दडवले, इथे उपाय शोधला जात होता, हा मोठा फरक आहे. आणि उत्तर सापडले की ते सर्वांपर्यंत नेण्याचे ऋण शिल्लक राहते. २०११ पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज अड्याळ परिसरात आशाताई बाळाचे वजन करायला आणि ताप बघायला घरी येते, त्यामागे गडचिरोलीच्या त्या सगळ्या गावांतल्या आईबापांचा वाटा आहे.

उरलेले रक्त, नेलेली गोष्ट

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेह फार वाढला होता. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचे रक्त घेतले. पुढे जमातीला कळले, की तेच रक्त मनोविकार, नात्यातली लग्ने आणि त्यांचे पूर्वज कुठून आले, अशा अभ्यासांसाठीही वापरले गेले. आपण याच दरीतले, अशी त्यांची श्रद्धा. तिच्याविरुद्ध त्यांचेच रक्त साक्षीला काढले गेले होते. प्रकरण कोर्टात गेले. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. त्या लोकांना पैशांइतकेच, किंबहुना जास्त, ते रक्त परत हवे होते.

आफ्रिकेतल्या सान आदिवासींनी तर २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची नियमावली लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया ही तिची पाच सूत्रे आहेत. ज्यांच्यावर अभ्यास व्हायचा, त्यांनीच अभ्यासाची रीत ठरवली. आपल्याकडच्या ग्रामसभांनाही हे अशक्य नाही.

हाच प्रश्न आपल्या घरातही आहे. फोटो आणि गोष्ट हेही माणसाकडून घेतलेले नमुनेच आहेत. देणगीदारांना काम दिसावे म्हणून आजारी मुलाचा चेहरा, दारूड्या बापाची कहाणी, गावाचे नाव असे सगळे छापले जाते. ते मूल मोठे होते, मोबाईलवर आपलाच फोटो पाहते. त्याला कुणी विचारले होते का? आपल्यापैकी जे आधार देतात, त्यांनी ‘नाव आणि फोटो नसले तरी चालेल’ असे कळवले, तर गावात काम करणाऱ्यांवरचे मोठे दडपण कमी होईल.

दारात उभे असताना

तर मग संशोधक आपल्याकडे आला आणि ‘जरा गावात ओळख करून द्या’ म्हणाला, तर काय विचारायचे? पाच प्रश्न पुरेसे आहेत.

नैतिकता समितीची मंजुरी आहे का, आणि तिचा कागद दाखवता का? या अभ्यासाचा या लोकांना काय उपयोग? लोकांना कोणत्या बोलीत, कोण समजावून सांगणार आहे? नमुने आणि माहिती कुठे राहणार, कोण वापरणार, किती दिवस? आणि निष्कर्ष सांगायला परत कधी येणार?

पाचव्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. वजन करून घेतले, रक्त दिले, रोवणीच्या दिवसांत एका दुपारची मजुरी बुडवून प्रश्नांना उत्तरे दिली, आणि पुढे काय झाले ते कधी कळलेच नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. परत येऊन पारावर बसून, साध्या शब्दांत, ‘आम्हाला हे सापडले’ एवढे सांगणे हा सौजन्याचा भाग नाही. ते देणे आहे.

उत्तरे समाधानकारक असतील, तर जरूर सोबत जावे. ओळख करून द्यावी, आणि मग बाजूला सरावे. ‘मी यांना ओळखतो, पण भाग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हटले तर मला वाईट वाटणार नाही, आणि दवाखान्यात तुमची जागा आहे तशीच राहील’, हे सर्वांसमक्ष बोलावे. उत्तरे नसतील, तर नम्रपणे नकार द्यावा. पाहुणा रुसला तरी चालेल. तो पुढच्या गावी जाईल. आपल्याला मात्र उद्या त्याच टोलीवर, त्याच घरांत जायचे आहे.

गावाने आपल्यावर ठेवलेला विश्वास ही आपली मिळकत नाही. ती गावाची ठेव आहे. ठेव सांभाळता येते, तिच्यावर दुसऱ्याला कर्ज काढून देता येत नाही.